सहीचा अधिकार सोडल्यानंतर

'सल्ला' आणि 'मसलत' हे शब्द आपण मराठीत रोज वापरतो. दोन्ही अरबीतले, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेले, आणि दोघांचे मूळ एकच आहे. 'सलाह' म्हणजे भलेपणा, चांगली स्थिती. 'इस्लाह' म्हणजे सुधारणा, दुरुस्ती, हाही त्याच घराण्यातला शब्द. म्हणजे सल्ला देणाऱ्याचे काम एवढेच की, दुसऱ्याच्या हातातले काम नीट व्हावे म्हणून त्याने लक्ष द्यावे. काम त्याने आपल्या हातात घ्यायचे नसते. शब्द जुना आहे, पण त्याचा हा अर्थ आमच्या अंगी यायला निवृत्तीनंतरची बरीच वर्षे लागली.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे, नवरा-बायको. एकाने पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात अभियंता म्हणून सुरुवात केली आणि शेवटची नऊ वर्षे तो कारखाना चालवला. दुसरीने पुण्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये बावीस वर्षे शिकवले आणि पुढे बारा वर्षे मुख्याध्यापिका म्हणून ती शाळा सांभाळली. कारखान्यात एकाला 'साहेब' म्हणत, शाळेत दुसरीला 'आपा'. या लेखातले म्हणणे दोघांचे आहे म्हणून 'मी' न लिहिता 'आम्ही' लिहितो. जिथे वेगळे सांगायचे तिथे साहेब आणि आपा असेच म्हणू.

साहेब २०१४ साली निवृत्त झाले, आपा २०१६ साली. दोघांचेही निरोपसमारंभ रीतीप्रमाणे पार पडले. शाल मिळाली, श्रीफळ मिळाले, भाषणे झाली, आणि प्रत्येक वक्त्याने शेवटी एकच वाक्य म्हटले: 'तुमचे मार्गदर्शन आम्हाला यापुढेही लाभावे.' हे वाक्य बोलायला सोपे असते. पण ते कोणी खरेच मनावर घेतले, तर मार्गदर्शन म्हणजे नेमके काय करायचे हे दोघांपैकी एकालाही ठाऊक नसते, बोलणाऱ्याला नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही.

कामाची जबाबदारी अंगावर असते तेव्हा दिवस आपला नसतो. साहेबांच्या उशाला फोन असे. रात्रपाळीत यंत्र बंद पडले की दोन वाजता तो वाजे, आणि झोपेतसुद्धा कोणाला कुठे पाठवायचे ते तोंडून निघे. आपांचे तसेच. दहावीचे अर्ज, संच मान्यता, वेतनाची बिले, शिक्षण खात्याची पत्रे, रजेवर गेलेल्या शिक्षकाचा तास, सगळ्यावर शेवटची सही त्यांची. अशा माणसाला एक सवय जडते. प्रश्न समोर आला की उत्तर द्यायचे, आणि उत्तर दिले की ते अमलात आणायचे. तीस-पस्तीस वर्षे हीच सवय आपले पोट भरते, इज्जत देते, घरात आणि मोहल्ल्यात नाव मिळवून देते. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी ती सवय संपत नाही. फोन मात्र थांबतो.

मग बोलावणी येतात. एखादी कंपनी संचालक मंडळावर या म्हणते, शिक्षणसंस्था सल्लागार व्हा म्हणते, सहकारी पतसंस्था, जमात, दवाखान्याचा ट्रस्ट, सगळ्यांना 'अनुभवी माणूस' हवा असतो. ही कामे म्हणजे जुन्याच कामाची हलकी आवृत्ती आहे, चार तास कमी आणि मान तेवढाच, असा बहुतेकांचा समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. काम चालवणाऱ्याला उत्तरे द्यायची असतात, संचालकाला प्रश्न विचारायचे असतात. चालवणारा रोज हजर असतो, संचालक तीन महिन्यांतून एकदा. चालवणाऱ्याला सगळे दिसते. संचालकाला तेवढेच दिसते जेवढे त्याला दाखवले जाते, आणि जे दाखवले नाही ते विचारून काढणे हीच त्याची कसोटी असते.

कायद्याने हा फरक स्पष्ट मांडला आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १४९ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या मंडळात किमान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र असावे लागतात. आधीच्या तीन आर्थिक वर्षांत जो त्या कंपनीत नोकरीला होता, त्याला तिथे स्वतंत्र संचालक होता येत नाही. एक मुदत जास्तीत जास्त पाच वर्षांची. दुसरी हवी असेल तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो, आणि लागोपाठ दोन मुदती झाल्या की तीन वर्षे बाहेर राहावे लागते. स्वतंत्र संचालकांनी वर्षातून किमान एक बैठक व्यवस्थापनातल्या कोणालाही न बोलावता घ्यायची असते. बैठकीचा भत्ता एका बैठकीला एक लाख रुपयांच्या वर जाऊ शकत नाही, आणि कंपनीचे शेअर सवलतीत मिळण्याची योजना त्यांना लागू होत नाही. २०१९ च्या डिसेंबरपासून अशा संचालकांची नावे एका सरकारी माहितीकोशात नोंदवावी लागतात, आणि अनुभवामुळे सूट मिळालेले सोडले तर बाकीच्यांना परीक्षाही द्यावी लागते. या सगळ्या नियमांमागचा हेतू एकच: ज्याने काम पाहायचे, तो काम करणाऱ्याच्या मिंधेपणात नसावा.

हे नियम इतके कडक का झाले, हे वाचकांना आठवत असेल. हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या मंडळावर मोठमोठी माणसे होती, व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक होते, माजी सनदी अधिकारी होते. १६ डिसेंबर २००८ रोजी त्या मंडळाने अध्यक्षांच्या कुटुंबाशी संबंधित दोन कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरला विकत घेण्याचा ठराव मंजूर केला. गुंतवणूकदारांनी आरडाओरड केली तेव्हा तो लगेच मागे घ्यावा लागला. तीनच आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ रोजी, अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केले की वह्यांमध्ये हजारो कोटींची रक्कम खोटी दाखवली होती. सरकारला जुने मंडळ बाजूला करून नवे नेमावे लागले. मंडळावरची ती माणसे विद्वान होती, त्यांच्या विद्वत्तेत काही खोट नव्हती. पण मोठे नाव टेबलाभोवती बसवले म्हणजे प्रश्न आपोआप विचारले जात नाहीत, हे त्या प्रकरणाने देशाला दाखवले.

साहेबांच्या वाट्यालाही असा एक प्रसंग आला. २०१५ साली ते एका मध्यम कंपनीच्या मंडळावर स्वतंत्र संचालक म्हणून गेले. त्या कंपनीचे नाव इथे महत्त्वाचे नाही. तिसऱ्या वर्षी गोदामासाठी जमीन घेण्याचा विषय आला. विकणारा मालकांच्या नात्यातला होता. कागदपत्रे सभेच्या टेबलावरच हातात पडली. साहेबांनी तीन गोष्टी मागितल्या: बाहेरच्या मूल्यांकनकाराचा अहवाल, आसपासच्या जमिनींचे अलीकडचे व्यवहार, आणि कागद वाचायला सात दिवस. अध्यक्ष हसून म्हणाले, "साहेब, तुम्ही कारखाना चालवलेला आहे, जागेची गरज तुम्हाला आम्ही काय सांगायची?" साहेब म्हणाले, "गरज कळते. किंमत कळत नाही." विषय पुढच्या बैठकीवर गेला, अहवाल आला, आणि जमीन आधीच्या आकड्यापेक्षा कमी किमतीला घेतली गेली. पाच वर्षांची मुदत संपली तेव्हा दुसऱ्या मुदतीसाठी साहेबांचे नाव भागधारकांपुढे आलेच नाही. आभाराचे पत्र आले, पुष्पगुच्छ आला. घरात आम्ही त्यावर फार बोललो नाही. बैठकीच्या भत्त्याची सवय झाली असती तर ते तीन प्रश्न तोंडातून निघाले असते का, एवढे मात्र एकमेकांना विचारले. उत्तर सोपे नाही. संचालकाने आपला घरखर्च त्या भत्त्यावर ठेवू नये, हा धडा मात्र आम्ही त्यातून घेतला आणि पुढे ज्याला सांगता येईल त्याला सांगत आलो.

खुर्ची सोडणे कोणालाच सोपे नसते, मग ती कितीही मोठी असो. विप्रोची मुळे आपल्या खानदेशात आहेत. १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपाची कंपनी म्हणून ती सुरू झाली. वडील वारले तेव्हा, १९६६ साली, अझीम प्रेमजी एकवीस वर्षांचे होते आणि शिक्षण अर्धवट टाकून त्यांनी कारभार हाती घेतला. ३० जुलै २०१९ रोजी कार्यकारी अध्यक्षपद त्यांनी सोडले आणि ते मंडळावर बिगर-कार्यकारी संचालक म्हणून राहिले. त्रेपन्न वर्षे ज्याने निर्णय घेतले, त्याने त्याच सभागृहात दुसऱ्या खुर्चीवर बसायचे ठरवले. मुंबईच्या सिप्लाचेही तसेच. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली ती कंपनी काढली. त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद यांनी २००१ साली एड्सची तीन औषधे एकत्र करून दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी खर्चात देण्याची तयारी दाखवली आणि जगातल्या मोठ्या औषध कंपन्यांना किमती कमी कराव्या लागल्या. २०१३ साली त्यांनी व्यवस्थापकीय संचालकपद सोडले आणि ते बिगर-कार्यकारी अध्यक्ष झाले. रोजचा कारभार कुटुंबाबाहेरच्या माणसाकडे गेला. उलट इन्फोसिसचे नारायण मूर्ती २०११ साली निवृत्त झाले, कंपनी अडचणीत आल्यावर २०१३ साली परत बोलावले गेले आणि २०१४ साली पुन्हा बाहेर पडले. म्हणजे गेलेला माणूस परतही येऊ शकतो. पण परत यायचे तर उघडपणे, जबाबदारी घेऊन यावे. मागच्या दाराने कारभार चालवत राहणे हे त्याहून वाईट.

आपल्या समाजातल्या संस्थांकडे वळतो, कारण आमचा जीव तिथे अडकला आहे. शाळा, वसतिगृहे, पतसंस्था, दवाखाने आपल्या बुजुर्गांनी पोटाला चिमटा घेऊन उभे केले. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण कित्येक ठिकाणी ज्यांनी पहिली वीट ठेवली तेच तीस वर्षांनीही शिपायाच्या रजेपासून प्रयोगशाळेच्या काचपात्रांपर्यंत सगळे ठरवतात. अध्यक्षही तेच, व्यवस्थापकही तेच आणि सल्लागारही तेच. विश्वस्त बदलला तर नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. काही संस्थांवर तो अर्ज द्यायची वेळ माणूस अल्लाहला प्यारा झाल्यावरच येते. 'अमानत' हा शब्द आपण भाषणात वापरतो. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे ठेवलेली असते ती अमानत, आणि अमानत परत करायची असते. खुर्ची अमानत असेल तर तीही वेळेवर परत केली पाहिजे.

आपा निवृत्त झाल्या त्याच आठवड्यात संस्थेने त्यांना शालेय समितीवर येण्याची विनंती केली. साहेबांनी घरी कंपनी कायद्यातले तीन वर्षांचे कलम सांगितले. शाळेला ते कलम लागू नव्हते, पण आपांना ते पटले. नव्या मुख्याध्यापिकेला आपले पाय रोवायला वेळ मिळायला हवा, जुनी बाई रोज फाटकातून आत येताना दिसली तर शिक्षक तक्रारी घेऊन तिच्याकडेच जातील, हे त्यांनी संस्थेला कळवले. तीन वर्षे त्या शाळेत ध्वजवंदनालाही गेल्या नाहीत. २०१९ साली समितीवर गेल्या.

नवी मुख्याध्यापिका आपांचीच विद्यार्थिनी. आठवीत असताना अरबी घोड्यासारखी वर्गभर धावायची म्हणून आपांनी तिला कितीदा बाकावर उभे केले होते. पुढे ती आपांच्याच हाताखाली शिक्षिका झाली. तिला आयुष्यभर 'अगं' आणि 'तू' म्हटलेले. समितीच्या पहिल्या बैठकीपासून आपा तिला 'मॅडम' आणि 'तुम्ही' म्हणू लागल्या. ती बिचारी संकोचली. बैठक संपल्यावर म्हणाली, "आपा, मला तुम्ही कशाला म्हणता? शरम वाटते." आपा म्हणाल्या, "घरी ये, मग तू म्हणेन. इथे शिक्षक बसलेत, ते ऐकतात." ही लहानशी गोष्ट आहे. पण बैठकीत कोणाचा शब्द चालतो हे शिक्षक अशाच लहान गोष्टींवरून ओळखतात.

खरी परीक्षा २०२२ साली आली. कोरोनानंतर शाळा भरल्या तेव्हा पट घसरला होता. जवळच्या इंग्रजी शाळांकडे पालकांचा ओढा होता. पट घसरला की संच मान्यतेत शिक्षकांची पदे कमी होतात, शिक्षक अतिरिक्त ठरतात, आणि शिक्षक कमी झाले की पट आणखी घसरतो. मुख्याध्यापिकेने प्रस्ताव मांडला की आठवीपासून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवावे, म्हणजे सेमी-इंग्रजी सुरू करावे. आपांचे मत याच्या विरुद्ध होते आणि आजही आहे. ज्या मुलीच्या घरी इंग्रजीचे एक वाक्य कोणाला येत नाही, तिला प्रकाशाचे परावर्तन उर्दूतून कळते तेवढे इंग्रजीतून कळणार नाही, ती पाठ करील आणि नववीत घरी बसेल, हे त्यांनी चौतीस वर्षे पाहिलेल्या मुलींवरून ठरवलेले मत. मुख्याध्यापिका असत्या तर प्रस्ताव फाइलमध्येच राहिला असता. पण आता त्या मुख्याध्यापिका नव्हत्या.

बैठकीत त्यांनी आपले मत एकदा, थोडक्यात सांगितले. मग प्रश्न विचारले. शिकवणार कोण? आधी इंग्रजीचा पाया कोण भरून घेणार, आणि कधी? जिला जमणार नाही तिला परत उर्दूतून शिकायची वाट खुली आहे का? आणि हे चालले की नाही, ते कोणत्या महिन्यात बघायचे? मुख्याध्यापिकेकडे दोन प्रश्नांची उत्तरे होती, दोन नव्हती. तिने पंधरा दिवस मागितले. पुढच्या बैठकीला उन्हाळी वर्गाचे वेळापत्रक घेऊन आली, परत उर्दूतून शिकायची सोय घेऊन आली, आणि पहिल्या सत्रानंतर आढावा घेण्याचे ठरले. ठराव मंजूर झाला. आपांनी आपली असहमती इतिवृत्तात नोंदवून घेतली.

त्यानंतरचा शुक्रवार आम्ही विसरणार नाही. जुम्याच्या नमाजनंतर पाच-सहा पालक आमच्या घरी आले. त्यांना सेमी-इंग्रजी नको होते. म्हणाले, "आपा, तुम्ही एक शब्द टाका. मॅडम तुमचे ऐकतील, तुमच्या हाताखालच्या आहेत." ते जे म्हणत होते तेच आपांचे मत होते. एक शब्द टाकला असता तर ठराव मागे घ्यावा लागला असता, आणि त्या दिवसापासून शाळेत मुख्याध्यापिका नावाला उरली असती. आपांनी चहा दिला आणि सांगितले, "तुमचे म्हणणे लिहून मॅडमना द्या. निर्णय त्यांचा आहे. तुमचे पत्र समितीपुढे आले पाहिजे, एवढे मी बघेन." आपले मत काय आहे हे त्यांना सांगितले नाही. पालक नाराज होऊन गेले. एका आजींनी जाताना म्हटले, "आपा आता पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत." ते वाक्य त्यांना बरेच दिवस लागले.

पत्र समितीपुढे आले, चर्चा झाली, ठराव कायम राहिला. पहिल्या सत्राच्या आढाव्यात दिसले की बहुतेक मुले तरली, सहा जणांनी परत उर्दूतून शिकायचे पसंत केले, आणि दोन मुलींनी शाळाच सोडली. आपांनी बैठकीत फक्त त्या दोघींची नावे विचारली. मुख्याध्यापिका दोघींच्या घरी जाऊन आली होती. एक परत आली. दुसरीचे लग्न ठरले होते. सेमी-इंग्रजी आजही चालू आहे, पट थोडा सावरला आहे. दुसऱ्या मुलीचे नाव आपांनी आपल्या डायरीत लिहून ठेवले आहे. आपले मत बरोबर होते की चूक, याचा निकाल त्या एका नावावरून लागत नाही, आणि पटाच्या आकड्यावरूनही लागत नाही. पण निर्णय ज्याचा, परिणामाला सामोरे जाणेही त्याचेच, आणि तो जाईल याची खात्री करणे हे समितीचे काम, ही गोष्ट त्या दोन वर्षांत शाळेत रुजली.

आता आमच्यामागून येणाऱ्यांसाठी. आमच्या आधीच्या पिढीत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले मुसलमान बोटांवर मोजता येत. आज कारखान्यांत, बँकांत, सरकारी खात्यांत, संगणक कंपन्यांत वरच्या जागी बसलेली आपली मुले-मुली आहेत. येत्या दहा-वीस वर्षांत ती मोकळी होतील, आणि गावोगावच्या संस्था त्यांना बोलावतील. बोलावणे आले तर लगेच होकार देऊ नका. आधी तीन वर्षांचे हिशेब मागा. लेखापरीक्षकाचा शेरा वाचा. बैठका वेळेवर होतात का, इतिवृत्त कोण लिहिते आणि कोण वाचते, हे पाहा. तुमच्याआधी त्या जागी कोण होते आणि ते का गेले, हे त्यांनाच भेटून विचारा. संस्थेला तुमचा प्रश्न हवा आहे की पत्रिकेवर फक्त तुमचे नाव हवे आहे, हे अर्ध्या तासात कळते. नाव हवे असेल तर नम्रपणे नकार द्या. प्रश्न हवा असेल तर जा, पण मुदत ठरवून जा, आणि मुदत संपली की दुसऱ्याला जागा द्या.

आणि संस्था चालवणाऱ्यांनाही एक विनंती. निवृत्त माणसाला शाल देऊन पाठवू नका आणि लगेच त्याला सर्वाधिकारही देऊ नका. त्याला कागद आठ दिवस आधी पाठवा, त्याच्या प्रश्नांची नोंद करा, आणि पुढच्या बैठकीत उत्तर द्या. एवढे केले तरी त्याचे तीस-पस्तीस वर्षांचे कष्ट संस्थेच्या उपयोगी पडतील.

आपांची समितीवरची दुसरी मुदत पुढच्या वर्षी संपते. तिसरी घेणार नाही असे त्यांनी आताच लेखी कळवले आहे. त्यांच्या जागी कोणाला घ्यावे असे संस्थेने विचारले, तेव्हा त्यांनी एकही नाव सुचवले नाही. शाळेत मुली असलेल्या एखाद्या आईला घ्या, एवढेच सांगितले.